वाट आधीच होती!

गेल्या दिवाळीत नातवाला कुणीसे एक अमेरिकन गोष्टींचे पुस्तक भेट दिले. फराळाची ताटली मांडीवर घेऊन तो मला वाचून दाखवीत होता, आणि एका वाक्यावर माझी चकली हातातच राहिली. डॅनियल बूनने १७७५ साली ओसाड रानातून नवी वाट शोधून काढली म्हणे! हे वाक्य मी आजवर अनेक पुस्तकांत वाचले आहे, आणि दर वेळी माझे डोके फिरते.

ही वाट म्हणजे 'विल्डरनेस रोड'. ॲपलेशियन डोंगरांतली कंबरलंड खिंड ओलांडून ती केंटकीत उतरते. बूनने सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन दोनशे मैलांच्या आसपास झाडी तोडली, हे खरे. माणूस हिमतीचा, त्याचे श्रेय मी काढून घेत नाही. पण रान ओसाड कुठे होते? शॉनी आणि चेरोकी लोक लढाईला, शिकारीला, व्यापाराला पिढ्यान्‌पिढ्या त्याच खिंडीतून जात. गोरे लोकच तिला 'योद्ध्यांची वाट' म्हणत! काही भाग तर त्याहीपूर्वी बायसनच्या कळपांनी मळवलेला.

शिवाय बून स्वतःच्या हौसेने निघाला नव्हता. रिचर्ड हेंडरसन नावाच्या जमिनीच्या सटोडियाने त्याला कामाला लावले होते. मूळ रहिवाशांची जमीन खासगी माणसाने विकत घेऊ नये, असा जाहीरनामा इंग्लंडच्या राजाने १७६३ सालीच काढला होता. तरी हेंडरसनने सिकॅमोर शोल्स येथे चेरोकी वडीलधाऱ्यांशी सुमारे दोन कोटी एकरांचा सौदा केला. मोबदला काय, तर दहा हजार पौंडांच्या घरातला माल! ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्याने कडाडून विरोध केला. शॉनी तर त्या सौद्यात नव्हतेच. आणि सह्या व्हायच्या आधीच बूनची माणसे कुऱ्हाडी घेऊन वाटेला लागली होती.

मग ही 'शोधा'ची भाषा आली कुठून? १७८४ साली जॉन फिल्सनने केंटकीवर पुस्तक लिहिले. नावातच 'शोध', आणि आत बूनची साहसकथा. फिल्सनची स्वतःची तिथे जमीन होती. गिऱ्हाईक यायला नको का?

गिऱ्हाईक आले. १८१० पर्यंत दोन-तीन लाख माणसे त्या वाटेने गेली असे मानतात. त्यांत कितीतरी गुलाम होते. त्यांना कुणी विचारून नेले नव्हते. बिचाऱ्या बूनचीही केंटकीतली जमीन दाव्यांत गेली, आणि म्हातारपणी तो मिसुरीला निघून गेला.

१९९६ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला. मग खिंडीतला डांबरी रस्ता उखडून, वसाहतवाल्यांच्या काळी होती तशी वाट पुन्हा तयार करण्यात आली. काम झकास झाले. पण घड्याळ मागे फिरवायचेच होते, तर आणखी तीसेक वर्षे फिरवायला काय हरकत होती?

नातवाच्या पुस्तकातले 'शोधून काढली' मी पेन्सिलीने खोडून 'रुंद केली' असे लिहिले. भेटीचे पुस्तक खराब केले म्हणून सूनबाई अजून माझ्यावर नाराज आहेत.