कुंकू पुसायला लावणाऱ्यांनी आधी सातबारा दाखवावा

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी पत्रक

नवरा धडधाकट असताना बाईचं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे भोर-वेल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ते नुसतं तोंडातून काढणंही अभद्र समजतात. तरीही महाराष्ट्रातल्या कितीतरी स्वतंत्र प्रार्थनामंडळ्यांत बाप्तिस्म्याची पहिली अट हीच असते: टिकली काढा, बांगड्या उतरवा, मंगळसूत्र घरी ठेवा. टिकली निघते, पण कपाळावर डिंकाचा गोल डाग उरतो. मग पदराचं टोक ओलं करून तोही घासला जातो. बहीण नव्यानं जन्मली, अशी साक्ष होते, टाळ्या पडतात. संध्याकाळी तशाच कपाळानं ती घराचा उंबरा ओलांडते. सासू काय बोलेल, नवरा काय करील, याची जबाबदारी पाळकसाहेबांवर नसते. ते तोवर मोटारसायकलवरून पुढच्या वाडीला पोचलेले असतात.

हा जुलूम आहे, यावर दुमत नसावं. प्रश्न आहे तो त्यामागच्या समजुतीचा. माणूस आतून बदलला की नाही, हे त्याच्या अंगावरून मोजता येतं, अशी ही समजूत आहे. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, म्हणून तिथली बांधावरची भांडणं मिटली नाहीत. मंडळीच्या वहीत मात्र नाव आणि कपाळ बदललं की काम फत्ते.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा वारला तरी बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ग्रामसभेला जे विधवेच्या बाबतीत अमानुष वाटलं, ते प्रार्थनासभेत सवाष्णीच्या बाबतीत तारणाची पायरी ठरतं!

आतला बदल बाहेरून मोजता येत नाही, याचं उदाहरण हवं तर पुणे जिल्ह्याबाहेर जायला नको. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. जेवणाबद्दलचा हा आग्रह म्हणजे जुना अहंकार, असं तिथल्या सिस्टरना वाटे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर रमाबाईंनी संस्कृतचा हट्ट धरला. बाहेरच्या खुणा तपासणाऱ्यांच्या परीक्षेत बाई नापासच झाल्या असत्या. गंमत पुढेच आहे. बाप्तिस्म्यानं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला तो त्यानंतर सुमारे 8 वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. पाणी, विधी, रजिस्टरातली नोंद सगळं 1883 मध्येच उरकलं होतं. तरीही आतलं काम व्हायचं होतं. ते झाल्यावर काय दिसलं? दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो बायका-मुलींना त्यांनी आसरा दिला आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ते काम 1922 मध्ये मरेपर्यंत चाललं. ज्यांचं कुंकू दुसऱ्यांनी पुसलं, अशा बायकांसाठी त्यांनी जन्म घालवला. त्यांचा फोटो भिंतीला लावून त्याखाली बायकांची कपाळं पुसायला लावणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यावी तेवढी थोडी.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. पण जातिभेद त्यांच्या मनातून आणि ताटातून गेला तो स्वतःच्या बाप्तिस्म्याआधीच.

बाहेरून माणूस बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयोग शेजारी गोव्यात झाला. तिथे 1560 मध्ये पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं. त्यानंतर 176 वर्षांनी, 1736 मध्ये, ख्रिस्ती घरांत तुळस लावू नये, भातात मीठ न घालता तो शिजवू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, असे हुकूम सोडायची वेळ आलीच. पावणेदोनशे वर्षं लोकांच्या भाताच्या टोपात डोकावूनही ज्यांना खात्री पटली नाही, त्यांचा कित्ता वाडीवरच्या सभेनं कशाला गिरवावा?

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला असा की शास्त्रात दागिन्यांना मनाई आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय जरूर उघडावा. तिथे सोनं, मोती आणि भारी कपड्यांचा थाट नको, असं आहे. काचेच्या बांगड्या आणि काळे मणी हा कुठला थाट? शिवाय त्याच्या आधीचंच वचन पुरुषांसाठी आहे: राग आणि भांडण सोडून प्रार्थना करावी. प्रार्थनेला आलेल्या पुरुषांच्या रागाची झडती दारात कधी कुणी घेतली आहे का?

दुसरा आक्षेप, कुंकू म्हणजे मूर्तिपूजा. एखाद्या बाईला स्वतःच्या मनानं तसं वाटलं आणि तिनं ते सोडलं, तर तिला अडवणारा कोण? पण सगळ्यांसमोर, पाळकांच्या नजरेखाली, बाप्तिस्मा हुकेल या धाकानं काढलेली टिकली मनानं काढलेली नसते.

तिसरा आक्षेप त्यातल्या त्यात शहाणा: झाड फळावरून ओळखतात. कबूल! मग फळच पाहावं. नव्या जन्माची गोष्ट येशूनं निकदेमाला सांगितली. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या परूशी पोशाखाबद्दल अवाक्षर नाही. त्याच्यातला बदल दिसला तो वधस्तंभानंतर. जवळचे शिष्य लपून बसले असताना हा सुमारे 33 किलो सुगंधी द्रव्यं घेऊन उघडपणे पुढे आला. जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवलेल्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. त्याच्या अंगरख्याची चौकशी येशूनं केली नाही. हिशेब मात्र चोख झाला.

तोच हिशेब भोर-वेल्ह्यात मांडावा. पुण्याच्या फार्महाउसवाल्यांनी इथल्या गुंठ्यागुंठ्याला भाव आणला आहे. भारतीय वारसा कायदा, 1925 ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा देतो. मग नव्यानं जन्मलेल्या किती भावांनी बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला लावली नाही? किती विश्वाशांनी कोरलेला बांध मागे घेतला? हुंडा नाकारला? दारूचे पैसे घरात दिले? सोयरीक जुळवताना पोटजात विचारायचं सोडलं? ही फळं महाग पडतात आणि बहुतेक पुरुषांच्याच खिशातून जातात. बाईच्या टिकलीची किंमत पाकिटामागे दहा-वीस रुपये. कसोटीला टिकलीच का निवडली, याचं उत्तर त्यात आहे.

मंडळ्यांनी येत्या सभेत साधा ठराव करावा. बाप्तिस्म्यासाठी कुणाच्याही कपाळाची, गळ्याची किंवा हातांची अट घालू नये. आजवर ज्यांना ती घातली, त्यांच्या घरी पाळकांनी जाऊन सासू आणि नवऱ्यासमोर माफी मागावी. जमीन, हुंडा आणि जात यांबद्दलचे प्रश्न बाप्तिस्म्याआधी पुरुषांना विचारावेत. ज्या पाळकांना हे जाचक वाटेल, त्यांनी त्याचं कारण त्याच सभेत, बायकांसमोर उभं राहून सांगावं.