प्राध्यापक वर्गात की फायलीत?

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारात गिऱ्हाइकापुढे थान उलगडणारा एक असतो आणि हिशेब लिहिणारा मुनीम दुसरा. महाविद्यालयांत मात्र ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडली आहेत. तो प्राध्यापक आता थकला आहे.

‘नॅक’ काय मागते?

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, १९९४ मध्ये स्थापन झाली. अध्यापनापासून प्रशासनापर्यंत सात निकषांवर ती श्रेणी देत आली. २०१७ मध्ये पद्धत बदलली आणि बहुतांश भार आकडेवारीवर गेला. प्रत्येक आकड्यामागे पुरावा हवा: हजेरीपत्रक, फोटो, सही-शिक्क्याचे पत्र. दरवर्षी गुणवत्ता अहवाल. श्रेणीची मुदत संपत आली की जाडजूड स्वयंमूल्यमापन अहवाल.

थकवा कशाचा?

सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवावे, असा नियम आहे. परीक्षा, उत्तरपत्रिका, संशोधन वेगळे. ‘नॅक’चे तास वेळापत्रकात नसतात, ते रात्री आणि रविवारी काढावे लागतात. पदे रिक्त, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना मानधन फक्त घेतलेल्या तासांचे. त्यामुळे ओझे मोजक्या कायम प्राध्यापकांवर येते. तीच माहिती उच्च शिक्षण सर्वेक्षणाला आणि राष्ट्रीय क्रमवारीलाही वेगळ्या नमुन्यात द्यायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. लक्षणे तीन: शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे, हातून काही होत नाही असे वाटणे. विद्यार्थ्यांना दुसरे लक्षण आधी कळते. सर वर्गात येतात, पण मन फायलीत असते.

मग मूल्यांकनच नको?

हवे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने हिशेब द्यायलाच हवा. पण कागद म्हणजे दर्जा नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ‘नॅक’च्या तपासणी समितीतील सदस्यांनाच लाच प्रकरणात अटक केली.

जानेवारी २०२४ मध्ये ‘नॅक’ने अक्षरी श्रेणींऐवजी मान्यता आहे की नाही, एवढेच सांगणारी पद्धत जाहीर केली. श्रेणी जाईल, पण पुराव्यांचा ढीग तसाच राहिला तर प्राध्यापकाच्या हाती काय?

काय करता येईल?

• माहिती एकदाच घ्यावी, सर्व यंत्रणांनी तीच वापरावी.
• नोंदींसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावा.
• समन्वयक प्राध्यापकाचे तास तेवढे कमी करावेत.
• रिक्त पदे भरावीत.

खर्च होईल, हे खरे. पण आजही तो होतोच आहे, विद्यार्थ्यांच्या तासांतून. मुनीमाचे काम मुनीमाला द्या.