जाळं गाठींनी टिकतं



मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलीय? सूत कितीही दणकट असू द्या, गाठी सुटल्या की मासळी पसार. आता विद्यापीठांतले पंडित बुद्धधम्माचा इतिहास असाच तपासतायत. नाव दिलंय नेटवर्क थिअरी. माणूस, गाव, विहार हे बिंदू. दान, व्यापार, प्रवास हे दुवे. धम्म कसा पसरला ते राजांच्या यादीवरून नाही, दुव्यांवरून शोधायचं.

शोधा की! आजवर आम्हाला काय शिकवलं? अशोकानं केलं, सातवाहनांनी केलं. बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवल्या? लेणी वेगळंच बोलतात. कार्ल्याच्या चैत्याचं दार धेनुकाकटच्या सामी सुताराचं. कान्हेरीत कल्याणच्या लोहाराचं दान. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचं नाव. भिक्षुणींचीही नावं कोरलेली. बंदर आणि घाट या हातांनी जोडले होते.

पण दगडापाशी थांबली तर ही थिअरी पंडितांची करमणूकच. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपूरचा धम्म आमच्या वाडीत कोणी आणला? गिरणी-गोदीतल्या चाकरमान्यानं. मुंबईच्या खोलीत गावाचं मंडळ, वर्गणीची वही, आणि गावी येताना पत्र्याच्या ट्रंकेत बाबासाहेबांची तसबीर. हे आमचं जाळं.

त्यातली खोटही बघा. सगळे धागे मुंबईच्या एकाच गाठीत. देवगडची वाडी नि वेंगुर्ल्याची वाडी एकमेकींना भेटणार ती परळला! १९८२ चा संप झाला, गिरण्या मेल्या, चाळी पडल्या. गाठच सुटली तर वाडीनं कोणाच्या तोंडाकडं बघायचं?

जात हेही जाळंच आहे, दोस्तहो. एक खोत मेला म्हणून ते कधी फाटलं? भट, सावकार, तलाठी, सगळे एकमेकांना धरून. एक धागा तुटला तर दहा तयार. त्यांना थिअरी शिकावी लागली नाही. आपल्याला लागेल.

म्हणून कागद घ्या. तालुक्यातल्या आपल्या सगळ्या वाड्या मांडा. कोण कोणाच्या लग्नाला जातो, मयताला जातो, अत्याचार झाला तर पहिला धावतो, तिथं रेघ ओढा. बायकांची माहेरं मांडा. मंडळाच्या वहीत त्यांना जागा नाही, पण वाडीला वाडी त्यांनीच बांधलीय. पोटजातीपाशी रेघ अडते का, तेही लपवू नका.

आणि जिथं रेघच नाही, तिथं येत्या रविवारी चालत जा.