दांड्या चार दिसतात, फोटो मात्र चढत नाही

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे रेंज आहे त्यांनी पूर्ण वाचा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यापर्यंत ती पोचणारच नाही, आणि माझं भांडण त्याच गोष्टीचं आहे.

मागे एकाच आठवड्यात दोन ठिकाणी बातमीसाठी गेलो होतो.

पहिलं ठिकाण इंजिनिअरिंग कॉलेज. नाव सांगत नाही, कारण अमरावती-अकोल्यात कुठंही गेलं तरी हेच दिसतं. राष्ट्रीय परिषद होती. विषय होता आधुनिक वायरलेस संवाद प्रणालींचं कार्यक्षम डिझाइन. बॅनर मोठा, शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग एकामागून एक पेपर. प्रत्येकाच्या शेवटी एक आलेख, आणि त्यात लाल रेषा निळ्या रेषेच्या वर. लाल रेषा म्हणजे आमची पद्धत, असं सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या. चहाच्या वेळी एका सरांना विचारलं, "सर, हे मोजमाप कोणत्या गावात केलं?" सर हसले. "गाव नसते भाऊ याच्यात. सिम्युलेशन आहे. युझर रँडम टाकते कॉम्प्युटर."

दुसरं ठिकाण मेळघाट. धारणी तालुक्यात रोजगार हमीचं काम सुरू होतं. मजूर बाया उन्हात रांगेत उभ्या, समोर मेट हातात मोबाइल घेऊन. हजेरीचा फोटो ॲपवर टाकायचा असतो. 1 जानेवारी 2023 पासून देशभर हे ॲप सक्तीचं झालं. पोरगा फोन वर धरून या दगडावरून त्या दगडावर. म्हणाला, "दोन दांड्या दिसते भाऊ, पण चढतच नाही. गोल गोल फिरते नुसतं." आदल्या हप्त्यात असेच दोन दिवस गेले होते. फोटो नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून मजुरी नाही. एक बाई मला म्हणाली, "मी कामावर होती ना भाऊ? मग हजेरी कोनाची नव्हती, माही का टावरची?"

या प्रश्नाचं उत्तर त्या परिषदेतल्या एकाही पेपरात नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे कोणी "तिकडे डोंगर आहे, काय करणार" असं म्हणून सुटणार नाही.

मोबाइलवर ज्या दांड्या दिसतात त्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो हे सांगतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत किती जातो ते त्या सांगत नाहीत. टॉवरवरचा 4जी रेडिओ 40 वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीचा असतो. तुमच्या हातातला फोन जास्तीत जास्त 0.2 वॉटचा. म्हणजे एका बाजूला कीर्तनाचा भोंगा आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या रांगेतली म्हातारी. तिला महाराज ऐकू येतात, महाराजांना ती ऐकू येत नाही. म्हणून रील थोडी तरी चालते, पण फोटो चढत नाही. जाणकार याला अपलिंक म्हणतात. दूरच्या गावात आधी तुटतं ते हेच.

आता बघा, सरकारनं गेल्या काही वर्षांत खेड्यातल्या माणसाला काय काय करायला लावलं. रोजगार हमीचा फोटो चढवा. अंगणवाडी ताईनं पोषण ट्रॅकरवर वजन-उंची चढवा. 2021 पासून शेतकऱ्यानं ई-पीक पाहणीत वावरात उभं राहून पिकाचा फोटो चढवा. रेशनच्या मशीनवर अंगठा चढवा. केवायसी चढवा. सगळं वर जाणारं! आणि वर जाणारा रस्ताच सगळ्यात अरुंद. ज्यांनी ही ॲपं काढली त्यांनी हा साधा हिशेब केला नाही. आणि ज्यांनी तो हिशेब शिकवण्यासाठी पगार घेतला त्यांनी तो कधी मोठ्यानं सांगितला नाही.

यावर संशोधन झालंच नाही का? झालं. चांगलं झालं, आणि आपल्याच देशात झालं. राग त्याचाच येतो.

5जीचे जागतिक नियम ठरत होते तेव्हा ग्रामीण भागाची एक ठरलेली परीक्षा होती. दोन टॉवरमध्ये 1732 मीटर अंतर. वापरणारी निम्मी माणसं घरात आणि निम्मी ताशी 120 किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीत. आता मला सांगा, परतवाडा-धारणी घाटात 120 नं कोण गाडी चालवते? ही युरोप-अमेरिकेतल्या खेड्याची परीक्षा होती. भारतातल्या संशोधकांनी आणि टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेनं सांगितलं की आमचं खेडं असं नाही. आमच्याकडे टॉवर लांब लांब असतील आणि माणूस पायी चालत असेल. त्यातून 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या कागदात नवी परीक्षा आली. टॉवरमध्ये 6 किलोमीटर अंतर, बहुतेक लोक घरात किंवा पायी, आणि गाडीतल्या थोड्यांचा वेग 30.

ही परीक्षा पास करायला आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास इथल्या लोकांनी फोनच्या सिग्नलचा आकारच बदलला. सोपं करून सांगतो. लग्नातला डीजेवाला ॲम्प्लिफायर पूर्ण का पिळत नाही? गाण्यात मध्येच जोरदार ठोका आला तर आवाज फाटेल म्हणून. तो थोडी जागा राखून ठेवतो. फोनही तेच करतो. सिग्नलमधले हे अचानक येणारे ठोके कमी केले, तर तोच फोन जास्त ताकदीनं बोलू शकतो आणि आवाज जास्त लांब जातो. कार्यक्षम डिझाइन म्हणतात ते हे. 5जीआय नावानं ते मानक 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय संघानं मान्य केलं. कंपन्यांनी विरोध केला, वेगळं मानक म्हणजे फोन महाग होतील म्हणाल्या. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. शेवटी ते जागतिक 5जीमध्ये सामावून घेण्यावर तडजोड झाली. ठीक आहे. पण मानकाच्या कागदात असणं वेगळं आणि धारणीच्या टॉवरवर असणं वेगळं.

दुसरं उदाहरण तर महाराष्ट्रातलंच आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्हीच्या रिकाम्या लहरी मोजल्या. 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 15 चॅनल. त्यांच्या अभ्यासात जवळपास सगळीकडे त्यातले किमान 12 रिकामे निघाले. या लहरी लांब जातात, झाडांतून वाट काढतात. सागाच्या जंगलात 3300 मेगाहर्ट्झचं शहरी 5जी पानांतच अडकते, पावसाळ्यात तर जास्तच. संशोधकांनी पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत या रिकाम्या लहरींवर इंटरनेट पोचवून दाखवलं. ग्राममार्ग नावाच्या त्या प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं. करंदीकर सर पुढे आयआयटी कानपूरचे संचालक झाले, मग केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव. माणूस वर चढला, फोटो मात्र अजून चढत नाही. कारण या लहरी गावासाठी विनापरवाना मोकळ्या करायला सरकार तयार झालं नाही.

न वापरता पडून राहिलं तरी चालेल, पण फुकट द्यायचं नाही, हा हिशेब. 700 मेगाहर्ट्झ, म्हणजे खेड्यासाठी सगळ्यात कामाच्या लहरी, 2016 आणि 2021 च्या लिलावात भावामुळे कोणी घेतल्याच नाहीत. 2022 मध्ये 600 मेगाहर्ट्झला गिऱ्हाईक मिळालं नाही. आपल्याकडे शेतकऱ्याला तुरीचा भाव पडला तरी विकावंच लागते, कारण तूर ठेवली तर कीड लागते. हवेला कीड लागत नाही, म्हणून सरकारला घाई नव्हती. पण पडून राहिलेलं वर्ष कोणाचं गेलं? त्या बाईचं गेलं.

आता हरिसाल. त्याच्याशिवाय मेळघाटची इंटरनेटची गोष्ट पूर्ण होत नाही. देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला, मायक्रोसॉफ्टचं नाव जोडलं गेलं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी त्याचाच व्हिडिओ लावला, सरकारी बाजूनंही उत्तरं दिली. महिनाभर अख्ख्या महाराष्ट्राला हरिसाल माहीत झालं. मतदान झालं आणि विषय मिटला. दोन्ही बाजूंना हरिसालचा व्हिडिओ पाहिजे होता. हरिसालच्या पुढच्या गावांतून किती सिग्नल मिळतो याचा आकडा कोणालाच नको होता.

मी काही सगळ्यांना शिव्या घालायला बसलो नाही. सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. जुलै 2022 मध्ये केंद्रानं 26,316 कोटींची योजना मंजूर केली, देशातल्या 24,680 गावांत 4जी पोचवायची. बीएसएनएलचे नवे टॉवर आपल्याकडेही दिसतात. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्यानं स्टारलिंकशी करार केला. त्यावेळी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशी नावं घेतली गेली. वाशिमचं नाव आलं याचा आनंद आहे. मेळघाटचं त्या चारात नव्हतं, याची नोंद ठेवा.

आणि हे उपकार नाहीत. कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के रक्कम ग्रामीण दूरसंचार निधीत जाते, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. ती तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच येते. राजकमल चौकात उभं राहून तुम्ही रिचार्ज मारला, त्यातला थोडा पैसा धारणीच्या टॉवरसाठीच आहे.

कंपनीवाले म्हणतील, तिथं धंदा होत नाही. खरं आहे. म्हणूनच तो निधी आहे. वनखातं म्हणेल, व्याघ्र प्रकल्पात टॉवर नको. तेही समजतं. पण म्हणूनच लांब पल्ल्याचा टॉवर पाहिजे, म्हणजे चार ठिकाणी जंगल खोदण्याऐवजी एका ठिकाणी काम भागेल. प्राध्यापक म्हणतील, आमच्याकडे महागडी यंत्रं नाहीत, पगार वेळेवर नाही, पेपर नाही छापला तर बढती नाही. हेही खरं आहे. मी स्वतः दोन पेपरांत तुटपुंज्या मानधनावर काम केलं, मला त्यांची अडचण कळते. पण सर, या कामाला महागडं यंत्र लागत नाही.

साध्या अँड्रॉइड फोनमधलं फुकटचं ॲप सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दाखवतं. उणे 85 असेल तर मस्त, उणे 110 म्हणजे ओढाताण, उणे 120 म्हणजे संपलं. दर 10 नं आकडा घसरला की सिग्नल दहापटीनं कमी होतो, हे तर तुम्हीच शिकवता. ट्रायच्या 2024 च्या नियमामुळे कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. तो नकाशा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून गावात फिरा. जिथं नकाशा हिरवा आणि फोन मुका, तिथं तुमचा पेपर आहे. असा पेपर मुंबई-पुण्याचा माणूस लिहू शकत नाही, कारण त्याच्याकडे मेळघाट नाही. तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही कॉम्प्युटरला सांगून रँडम माणसं टाकता!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. पाच जिल्ह्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या अंतिम वर्षाच्या प्रत्येक गटाला एकेक ग्रामपंचायत द्या. अंगणवाडी, उपकेंद्र, रेशन दुकान, शाळा आणि रोजगार हमीचं काम, या पाच जागी सिग्नल आणि अपलोडचा वेग मोजा. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, हिवाळ्यात एकदा.

दोन. ते आकडे सगळ्यांना दिसतील अशा नकाशावर टाका. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आमदार-खासदारांपुढे तोच नकाशा ठेवा.

तीन. आणि हे सगळं होईल तेव्हा होईल, ते आजपासून करा. जिथं अपलोड होत नाही असं सिद्ध होईल तिथं कागदावरची हजेरी ग्राह्य धरा. टॉवर गैरहजर असेल तर मजुरी टॉवरची कापा, बाईची नाही.

तिसऱ्या मागणीला संशोधन लागत नाही, निधी लागत नाही. एक सही लागते.

त्या परिषदेची बातमी मी दिली होती. चार कॉलम, फोटोसह. मजुरीची बातमीही दिली, ती आतल्या पानावर दोन परिच्छेदांत आली. माझाही वाटा आहे यात, नाही म्हणत नाही. म्हणून आज इथं पूर्ण लिहिलं.

कमेंटमध्ये "सहमत" लिहू नका. तुमच्या गावाचं नाव, तालुका आणि फोटो चढायला किती वेळ लागतो एवढं लिहा. अकोट, तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळीवाल्यांनीही लिहा, हा फक्त डोंगराचा प्रश्न नाही. मी यादी करतोय. आणि कोणी प्राध्यापक हे वाचत असतील आणि त्यांची पोरं घेऊन निघायला तयार असतील, तर मेसेज करा. रस्ता मी दाखवतो. सेमाडोहच्या पुढे मात्र फोन लावू नका, लागणार नाही.