कोठी वेगळी, कपाट वेगळे

नव्या जागेत बिऱ्हाड लावताना गृहिणी एक नियम न सांगताच पाळते. धान्य कोठीत, भांडी स्वयंपाकघरात आणि मुलांच्या वह्या मुलांच्या कपाटात! संगणकावरचा खेळ रचून लोकांना वाटायचा, म्हणजे हेच बिऱ्हाड परक्या घरी लावायचे. मी पडलो मराठीचा मास्तर. पण माझा पुतण्या असे खेळ रचतो, म्हणून हा विषय आमच्या घरात आला.

त्याच्या संगणकावर खेळ झकास चाले, मित्राकडे मात्र नुसता काळा पडदा! "काका, चित्रंच सापडत नाहीत त्याला," तो म्हणाला. खेळ जिथून सुरू करावा तिथेच तो आपली चित्रे शोधी. कोठीचा पत्ताच ठरलेला नव्हता.

वास्तविक हा पत्ता जाणत्यांनी केव्हाच ठरवून ठेवला आहे. लिनक्समध्ये चित्रे, आवाज, नकाशे असा न बदलणारा साठा 'यूएसआर'मधील 'शेअर'च्या 'गेम्स' या कप्प्यात जातो. विंडोजमध्ये तो खेळाबरोबर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये राहतो. मॅकवर सारा खेळ एकाच गाठोड्यात असतो आणि साठा त्यातल्या 'रिसोर्सेस'मध्ये.

या तिन्ही कोठ्यांतून खेळाने घ्यावे, तिथे काही ठेवू मात्र नये. खेळणाऱ्याचे गुण, अर्धवट राहिलेला डाव ही त्याची स्वतःची कमाई. ती त्याच्याच कपाटात हवी : लिनक्समध्ये त्याच्या घरच्या 'लोकल-शेअर'मध्ये, विंडोजमध्ये 'ॲपडेटा'त. नाही तर खेळाची नवी आवृत्ती आली की जुन्या सामानाबरोबर पोराची महिन्याची मेहनतही केरात जायची!

साठा वेगळा ठेवण्याचा लाभ केवढा, ते 'डूम' या खेळाने दाखवले. 1993 साली तो आला, तेव्हा त्याची चित्रे, आवाज, नकाशे 'वॅड' नावाच्या निराळ्या फाइलीत होते. 1997 साली कर्त्यांनी त्याची आज्ञावली सर्वांना खुली केली. मग हौशी मंडळींनी ती नव्या नव्या संगणकांसाठी पुन्हा बेतली. आणि साठा तोच जुना, आजही चालतो. चूल बदलली, धान्य कोठीत शाबूत राहिले!

वाचकहो, तुमच्या घरातही एखादे पोर असे खेळ रचत असेल. खेळ छान झाला म्हणून त्याची पाठ जरूर थोपटा, पण हळूच विचारा, "बाळ, दुसऱ्याचा डाव कुठल्या कपाटात ठेवलास?"