निसर्गपूजा आणि नदीचा न्याय

जपानी विचार माणसाला निसर्गापासून वेगळा काढीत नाही, असे नेहमी सांगितले जाते. ते खोटे नव्हे. शिंतो परंपरा पर्वतात, वृक्षात, धबधब्यात दैवत पाहते. वात्सुजी तेत्सुरो या तत्त्वज्ञाने १९३५ साली ‘फूदो’ या ग्रंथात हवामान आणि मानवी जीवन यांची फारकत करता येत नाही, असे प्रतिपादन केले. मग याच देशात नद्या विषारी कशा झाल्या?

आशिओच्या तांब्याच्या खाणीचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. तिच्या धुराने डोंगर उघडे पडले. १८९० च्या महापुरात वातारासे नदीने खाणीचे विष खालच्या भातशेतीत पसरविले. पुढील वर्षी तानाका शोझो यांनी संसदेत सरकारला जाब विचारला. त्या वेळचे शेती व व्यापार मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा मुलगा खाणमालक फुरुकावांना दत्तक गेलेला होता! १९०१ साली तानाकांनी संसद सोडली आणि थेट सम्राटाकडे दाद मागण्याचा प्रयत्न केला. शासनाने खाण बंद केली नाही. पुराचे पाणी साठविण्यासाठी यानाका गावाचा मात्र बळी दिला. १९०७ साली तेथे टिकून राहिलेल्या शेतकऱ्यांची घरे पाडण्यात आली. खाण १९७३ पर्यंत चालू होती.

तानाका १९०४ पासून यानाकात राहिले. नद्यांच्या काठाने पायपीट करीत ते एका निष्कर्षाला आले: जी सुधारणा डोंगर, नदी आणि गाव यांच्या मुळावर येते, ती सुधारणाच नव्हे. १९१३ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या झोळीत राज्यघटना, बायबलचा नवा करार आणि वेचलेले काही गोटे होते.

राज्यघटना आणि गोटे यांचा हा शेजार अर्थपूर्ण आहे. निसर्गावरील श्रद्धा कितीही प्राचीन असली, तरी निर्णय भांडवल आणि नोकरशाही यांच्या हाती असेल तर ती नदीला वाचवू शकत नाही. मिनामाताचा पाराजन्य रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याचा दोष सरकारने मान्य केला १९६८ साली. मधली बारा वर्षे कोळ्यांनी भोगली.

उत्पादनवाढीच्या ओढीने समाजवाद्यांनीही पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद मानला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वातारासेच्या काठी तो भाताचा आणि घराचा प्रश्न होता. खाणीची मालकी राष्ट्राकडे गेल्याने नदी आपोआप शुद्ध होत नाही; नदीवर जगणाऱ्यांना नकाराचा अधिकार मिळावा लागतो. तो मिळवून देणे हे पक्षकार्यच आहे.