पातं थकतं तेव्हा

टर्बाइनचं पातं किती मजबूत, असं विचारलं की आपण लगेच धातूकडे बघतो. पण मंडळी, नुसती ताकद मोजून भागत नाही. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, आणि दर फेऱ्यात वाफेचे ठरावीक धक्के. पात्याची नॅचरल फ्रीक्वेन्सी ५०, १००, १५० अशा आकड्यांजवळ आली, की झोपाळ्याला बरोबर वेळ साधून झोका द्यावा तसं होतं. एकेक धक्का किरकोळ, पण बारीकशी चीर वाढत जाते. धातूही थकतो!

३१ मार्च १९९३ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात थकलेली दोन पाती तुटली. रोटरचा तोल गेला, हायड्रोजन गळला, आग लागली, केबल जळाल्या. १७ तास वीज नाही. कर्मचाऱ्यांनी अंधारात वर चढून हाताने बोरॉन सोडलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

खरी गोम पुढेच आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी नंतर लिहिलं, की या डिझाइनमधल्या दोषाची सूचना १९८९मध्येच आली होती. सुधारित ड्रॉइंगही तयार होती. पाती मात्र तीच!

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'नोन इश्यू' म्हणतो आणि पुढच्या रिलीजवर ढकलतो. माझं मत साधं आहे. रिपोर्ट मंजूर झाला म्हणजे काम संपलं असं नाही, पातं बदललं की संपतं. आणि यंत्र थांबवायचा अधिकार अशा माणसाकडे हवा, ज्याच्या डोक्यावर उत्पादनाचं टार्गेट नाही.